नोंद कोण लिहितं?

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारपेठेत जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली. सुपं तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आज ते बारामती तालुक्यात येतं. त्या दिवशी धान्य लुटलं गेलं, कापड लुटलं गेलं, हे खरं. पण पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत हे लोण पसरलं, तेव्हा जमावाची मागणी बहुतेक ठिकाणी एकच होती: कर्जाची खतं आणि वह्या बाहेर काढा. हाती आल्या की त्या जाळल्या जात. कागद मुकाट्यानं देणाऱ्या सावकाराच्या अंगाला सहसा कुणी हात लावला नाही. इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रसंग ‘दख्खनचे दंगे’ म्हणून कर्जबाजारीपणाच्या प्रकरणात येतो, आणि ते बरोबरच आहे. तरी त्याच्याकडे आणखी एका बाजूनं बघता येतं. ज्याला वाचता येत नव्हतं अशा माणसाबद्दल दुसऱ्या कुणीतरी काहीतरी लिहून ठेवलं होतं. ते लिहिलेलं कचेरीत खरं धरलं जात होतं आणि त्यावरून गावातली त्याची पत ठरत होती. ते खोडण्याची काही रीत हाताशी नव्हती, तेव्हा त्यानं काडी लावली.

मुलांना मोबाईलवरच्या आपल्या प्रतिमेबद्दल आणि ओळखीबद्दल शाळेत काही शिकवावं का, ही चर्चा हल्ली पालकसभांतून बरीच होते. स्वस्त इंटरनेटबरोबर हा प्रश्न गावात आला, असं त्या चर्चेत गृहीत असतं. उत्तरंही मग ठरलेली येतात: सेल्फीचा नाद वाईट, दिखावा वाईट, फोन काढून घ्या. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास वेगळं काही सांगतो. माणसाचा सार्वजनिक चेहरा इथं बऱ्याच आधीपासून लिहिला जातो आहे. तो लिहिणारे हात बदलत गेले, पण अन्याय बहुतेक वेळा एकाच जागी झाला. आपल्याबद्दल काय लिहिलंय हे माणसाला वाचता आलं नाही, आणि वाचता आलं तरी दुरुस्त करता आलं नाही. मुलांना काय शिकवायचं हे ठरवण्याआधी ही जागा नीट पाहिली पाहिजे.

सुरुवात इंदापुरात होते. पेशवाई बुडाल्यावर पुणे जिल्ह्याची मोजणी प्रिंगल नावाच्या मुलकी अधिकाऱ्यानं १८२०च्या दशकाच्या अखेरीस केली आणि १८३०च्या सुमारास नवे दर लागू झाले. कागदावर ती पद्धत अतिशय शास्त्रशुद्ध होती. प्रत्येक शेताचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्याचा ठरावीक हिस्सा सारा म्हणून घ्यायचा. प्रत्यक्षात मोजणी चुकली, हाताखालच्या कामगारांनी लाच घेऊन आकडे फिरवले आणि त्यातच धान्याचे भाव पडले. चुकीचा आकडा एकदा नोंदला गेला की त्यावर सारा चढत राहिला. लोक जमिनी टाकून निघाले, काही निजामाच्या हद्दीत गेले. ही चूक निस्तरण्यासाठी गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यातच नव्यानं मोजणी केली आणि तीस वर्षांसाठी दर बांधून दिले. मुंबई इलाख्याची पुढची सगळी सर्व्हे पद्धत याच तालुक्यात घडली. शेताला नंबर मिळाला, हद्दीला दगड मिळाले, मातीची प्रत आण्यांत ठरली आणि सारा भरणाऱ्याचं नाव त्या नंबरापुढे लागलं. आजचा सातबारा या घराण्यातला आहे. रयत म्हणून सरकारदरबारी माणसाचा जो चेहरा असतो, तो आपल्याकडे पहिल्यांदा पद्धतशीरपणे इथं काढला गेला. पहिला चेहरा चुकला होता आणि दुसरा काढावा लागला, हे मात्र विसरायला नको.

तीस वर्षांची मुदत १८६०च्या दशकात संपली आणि दर वाढले. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचे भाव उतरले होते, कर्जं डोक्यावर होती, आणि सुप्याचा दिवस उगवला. दंग्यानंतर सरकारनं काय केलं, हा भाग त्या दिवसाइतकाच महत्त्वाचा आहे, पण तो कमी सांगितला जातो. १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्यानं शेतकऱ्याचे दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिले जावेत अशी तरतूद केली. सावकारानं पावती द्यावी, वर्षाचा हिशेब मागितल्यावर द्यावा, पासबुक द्यावं, हेही त्यात आलं. कायदा किती पाळला गेला यावर वाद आहे. सावकारांनी पळवाटा काढल्या आणि बेनामी व्यवहार वाढले. तरी त्यामागचा विचार साफ होता. वही एकट्या सावकाराच्या घरात राहता कामा नये, तिची एक प्रत ज्याच्याबद्दल ती आहे त्याच्या हातात असली पाहिजे.

पण प्रत हातात असून उपयोग काय, वाचता येत नसेल तर? याच काळात महात्मा फुले शेतकऱ्याच्या पोरांच्या शिक्षणाचा आग्रह धरत होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षणावर भर दिला. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुलकर्णी आणि सावकाराच्या लेखणीखाली शेतकरी कसा दबतो हे त्यांनी मांडलं. खेड्यातल्या शाळेचं एक अगदी व्यवहारी कारण या मांडणीत आहे. मुलाला मोडी वाचता आली तर बापाच्या नावावर काय चढवलंय ते कळेल. शाळा म्हणजे संस्कार, नोकरी, देशसेवा वगैरे नंतर झालं. आधी शाळा म्हणजे फसवणुकीपासून बचाव होता. मोबाईलवरच्या ओळखीचं शिक्षण हे शाळेवरचं जास्तीचं ओझं आहे असं म्हणणाऱ्यांनी शाळा इथं कशासाठी आली ते आठवून पाहावं.

गंमत अशी की बचावासाठी आलेली शाळा स्वतःच नोंद लिहिणारी झाली. जनरल रजिस्टर हे तिचं सर्वांत ताकदवान पुस्तक. नाव, बापाचं नाव, आडनाव, जात, जन्मतारीख, सगळं त्यात पहिल्या दिवशी लिहिलं जातं आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरतं. घरात जन्माची नोंद नसे. ‘मोठ्या दुष्काळाच्या साली’ किंवा ‘पंचमीच्या आदल्या दिवशी’ एवढं आईला आठवे. गुरुजींना तारीख हवी असे, म्हणून ते पोराच्या उंचीकडे बघून साल ठरवत आणि पुढे १ जून टाकत. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्या अशा १ जूनला जन्मल्या. सरकारी कचेऱ्यांत ३१ मे रोजी निवृत्त होणाऱ्यांची रांग लागते ती त्यामुळे. ही गोष्ट आपण हसत सांगतो आणि तिला हसावंही. पण परीक्षेचं वय, नोकरीची मर्यादा, निवृत्तीचा दिवस हे सगळं त्या अंदाजावर ठरलं. शाळा सुटल्यावर ती तारीख बदलून घेणं किती कटकटीचं आहे हे ज्यानं प्रयत्न केला त्याला विचारावं. गुरुजींचा हेतू चांगला होता, हे इथं मुद्दाम नोंदवायला हवं. नोंदीनं नुकसान व्हायला लिहिणारा दुष्टच असावा लागत नाही.

इथं एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सारा, कर्ज, जन्मतारीख या कोरड्या गोष्टी झाल्या. आजच्या मुलीला आरशात बघून स्वतःबद्दल जे वाटतं, फोटोला किती जणांनी पसंती दिली यावरून जे वाटतं, तो मनाचा प्रश्न आहे. त्याला सातबाऱ्याच्या भाषेत कसं बसवणार? याचं उत्तर नीरा नदीच्या पलीकडे, शेजारच्या सातारा जिल्ह्यात सापडतं. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून तिचं नाव ‘नकुशा’ ठेवण्याची रीत तिथं होती. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्हा प्रशासनानं अशा २८५ मुलींचं नव्यानं बारसं केलं आणि त्यांना नवी नावं दिली. या मुलींच्या हातात स्मार्टफोन नव्हते. त्यांची स्वतःबद्दलची कल्पना कुठल्या गाळणीनं किंवा आकड्यानं बिघडवलेली नव्हती. वर्गात हजेरी घेताना रोज सकाळी एक शब्द उच्चारला जायचा आणि पाढे म्हणणाऱ्या चाळीस पोरांसमोर तिला ‘हजर’ म्हणावं लागायचं. नोंद आणि मन यांच्यात आपण समजतो तेवढं अंतर नसतं. हजेरीपत्रकातला एक शब्द मुलीच्या मनात तिची स्वतःची आकृती काढत राहतो. आणि उपाय काय झाला? समुपदेशन झालं असेल, नसेल, पण मुळात नोंद बदलावी लागली. नुसतं कार्यक्रमात नाव बदलून भागण्यासारखं ते नव्हतं. शाळेच्या पुस्तकात, रेशनकार्डावर आणि गावाच्या तोंडात ते उतरायला हवं होतं, आणि यांतलं शेवटचं सर्वांत अवघड.

नावाच्याच बाबतीत राज्य सरकारनं मार्च २०२४ मध्ये आणखी एक निर्णय घेतला. १ मे २०१४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचं नाव कागदपत्रांत आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव अशा क्रमानं लिहायचं. निर्णयाच्या वेळी त्यांतली मोठी मुलं नऊ-दहा वर्षांची होती. या मुलांनी अर्ज केला नव्हता, आंदोलन केलं नव्हतं. त्यांच्या ओळखीचा एक भाग, जो पिढ्यान्‌पिढ्या कोऱ्या रकान्यासारखा होता, तो भरला गेला. निर्णय चांगला आहे असं मला वाटतं. पण वर्गात त्यावर तास घेता आला असता: तुमच्या नावात हे का आलं, आधी का नव्हतं, कुणी ठरवलं? आता उलट शाळेतलं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका वेलांटीचा फरक पडला की शिक्षक दुपारभर संगणकापुढे बसतात, कारण पटावरचं मूल यंत्रणेत जुळलं नाही तर पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत शिक्षकाचं पदच अडकतं. ज्याच्या वेलांटीवरून हे चाललंय ते मूल मैदानावर असतं.

दुसऱ्यानं लिहिलेल्या ओळखीबरोबर स्वतः निवडलेल्या ओळखीचाही या मातीत इतिहास आहे, आणि तो बारामतीत चांगलाच ठळक आहे. मोरोपंत पराडकर (१७२९–१७९४) हे पन्हाळ्याहून इथं आले, पेशव्यांचे नातलग सावकार बाबूजी नाईकांच्या आश्रयानं राहिले, आणि नदीकाठच्या या गावात आर्या वृत्तातल्या कवितांचा डोंगर रचला. व्यवहारात ते नाईकांच्या पदरचे पुराणिक होते. कवितेत ते ‘मयूर’ होते. ही नाममुद्रा त्यांनी स्वतः घेतली होती. संतांनी तर हे आधीच करून ठेवलं होतं. दर आषाढीला तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर असा मुक्काम-विसावा करत पुढे जाते तेव्हा ज्या अभंगांच्या चालीवर दिंड्या नाचतात, त्या प्रत्येकाच्या शेवटी कवीचं नाव असतं. जनाबाईनं आपली ओळख नामदेवाच्या घरची दासी म्हणून सांगितली, पण ती सांगायची कशी हे तिनं ठरवलं. तेव्हा टोपणनाव घेणं आणि जगापुढे येण्याचं आपलं रूप आपण ठरवणं, यात मुळात वाईट काही नाही. मोबाईलवर वेगळं नाव घेणाऱ्या पोराला ढोंगी म्हणण्याआधी हे आठवावं. नाममुद्रेचा गैरवापरही जुनाच आहे. तुकोबांची मुद्रा लावून इतरांनी रचलेले अभंग गाथेत शिरले. कुठला अस्सल आणि कुठला प्रक्षिप्त याचा वाद अभ्यासक अजून घालतात. दुसऱ्याच्या नावानं खातं उघडण्याला वारकरी परंपरेत तीनशे वर्षांची पूर्वपीठिका आहे, असं म्हटलं तर रागवू नये.

गावातल्या चेहऱ्याचा पुढचा टप्पा म्हणजे फ्लेक्स. आधी पेंटर पाट्या रंगवत. तेव्हा भिंतीवर चेहरा येणं खर्चाचं आणि वेळेचं काम होतं, म्हणून तो मान नेत्यांपुरता राही. डिजिटल छपाई आली आणि चौकातल्या लोखंडी सांगाड्यावर कुणालाही जागा मिळू लागली. वाढदिवसाच्या फ्लेक्सची एक ठरलेली मांडणी असते. वर मोठे नेते, मध्ये ज्याचा वाढदिवस तो, खाली शुभेच्छुकांच्या गोल फोटोंची रांग, आणि कुणाचा गोल केवढा यावरून गावातलं वजन समजतं. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून स्वस्त नकाशा मिळणार नाही. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०१७ मध्ये बेकायदा फलकांबद्दल सविस्तर आदेश दिले. फलक पूर्णपणे थांबले नाहीत. यात मुलं दोन वाटांनी आली. एक, पहिल्या वाढदिवसाचा फ्लेक्स. यातलं बाळ वर्षाचं असतं आणि चौकातल्या हजारोंना त्याचं नाव, चेहरा, आई-बाप आणि वस्ती कळते. दोन, निकालाचा फ्लेक्स. परीक्षा मंडळानं दहावी-बारावीची गुणवत्ता यादी बंद केली, कारण तिच्यापायी मुलांवर येणारा ताण आणि तिचा होणारा बाजार दिसत होता. क्लासवाल्यांनी ती यादी फोटोसकट, टक्क्यांसकट चौकात परत आणली. फ्लेक्सवर ज्याचा फोटो नाही त्या मुलाबद्दलही तो फ्लेक्स बोलत असतो. आणि या दोन्ही प्रकारांत मुलाला कुणी विचारलेलं नसतं. मोबाईलवरच्या दिखाव्याबद्दल मुलांची कानउघाडणी करणाऱ्या पिढीनं चौकात काय टांगलंय, तेही बघायला हवं.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि घरातला एक फोन चार जणांचा झाला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि तोच फोन वर्ग झाला. ज्या पालकांनी तोवर फोन लपवून ठेवला होता, त्यांनाच शाळेच्या सांगण्यावरून तो मुलाच्या हातात द्यावा लागला. उजनीच्या पाण्यापलीकडे, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. पुस्तकावरचा क्यूआर कोड हे त्यांच्या कामाचं एक वैशिष्ट्य होतं. बारामतीत १९७२ साली स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठाननं माहिती तंत्रज्ञानाची स्वतंत्र संस्था उभी केली. म्हणजे यंत्र शिकवण्यात हा टापू मागे नव्हता. यंत्रातून आपल्याबद्दल काय बाहेर जातं हे शिकवण्यात मात्र इतर सगळ्यांसारखाच तोही मागे राहिला.

आता कुणी म्हणेल, आधीच्या सगळ्या उदाहरणांत लिहिणारा दुसरा होता: मोजणीदार, सावकार, गुरुजी, क्लासवाला. मोबाईलवर मूल स्वतः लिहितं. स्टेटस तेच ठेवतं, डीपी तेच बदलतं, रील तेच टाकतं. मग सावकाराच्या वहीशी तुलना कशी टिकेल? मला वाटतं, टिकते, आणि पूर्वीपेक्षा घट्ट टिकते. मूल फोटो टाकतं तेवढीच नोंद त्याची. तो कुणाला दाखवायचा, कशाच्या शेजारी दाखवायचा, मुलानं कुठल्या चेहऱ्यावर किती वेळ डोळे रोखले, रात्री किती वाजता फोन उघडला, या नोंदी कंपनीच्या वहीत पडतात. त्या मुलाला दिसत नाहीत, पण पुढे त्याला काय दिसेल हे त्या ठरवतात. मग वर्गातल्या ग्रुपवर कुणीतरी त्याचा फोटो कापून, वर काहीबाही लिहून फिरवतो, ती तिसरी नोंद. आई त्याच्या बालपणीचे फोटो आधीच टाकून बसलेली असते, ती खरं तर पहिली. मुलानं स्वतः लिहिलेलं या ढिगात सर्वांत कमी असतं. शेतकऱ्यानंही खतावर अंगठा स्वतःच उमटवलेला असे, वरचा मजकूर त्याचा नसे.

दुसरा आक्षेप जास्त लोकप्रिय आहे: शिकवत काय बसता, बंद करा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवण्याची पद्धत सुरू केली आणि तिचं देशभर कौतुक झालं. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी ग्रामपंचायतीनं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल वापरायला बंदी करण्याचा ठराव केला. ऑस्ट्रेलियानं तर कायदाच केला आणि डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायला मनाई झाली. वडगावच्या भोंग्याबद्दल मला आदर आहे, कारण तो मोठ्यांनाही लागू आहे आणि त्या दीड तासात गाव खरंच एकमेकांकडे बघत असेल. अभ्यासाला तो उपयोगी पडेल, झोपेलाही. पण भोंग्यानं फोन बंद होतो, मुलाबद्दलची नोंद बंद होत नाही. मोबाईल नसलेल्या मुलाचाही फोटो शाळेच्या पेजवर असतो, काकांच्या स्टेटसला असतो, चौकातल्या फ्लेक्सवर असतो. बंदी मुलाचा हात अडवते. मुलावर लिहिणारे हात तिच्या कक्षेबाहेर राहतात. शिवाय वयाची अट ओलांडल्याच्या दिवशी ते मूल एकदम त्याच पाण्यात उतरणार, तेव्हा पोहायला कधी शिकवलं होतं?

शिकवायचं म्हटलं तरी शिकवणार कोण, हा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. आईबापांना जमत नाही, आणि शिक्षक निवडणुकीपासून खिचडीपर्यंत सगळं सांभाळतो आहे. पण हा विषय यंत्राचा आहे असं समजल्यामुळे तो अवघड वाटतो. महसूल खात्यानं तो केव्हाच सोपा करून ठेवला आहे. जमिनीच्या नोंदीत बदल होतो तेव्हा फेरफार पडतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकत घ्यायला मुदत असते, आणि मंडळ अधिकाऱ्यानं प्रमाणित केल्यावरच नोंद पक्की होते. सातबारा संगणकावर चढवताना चुका राहिल्या, तेव्हा २०१७ साली राज्यभर चावडीवाचन घेतलं गेलं. गाव जमवायचं, उतारे मोठ्यानं वाचायचे, ज्याचं चुकलं त्यानं तिथंच सांगायचं. इंदापूरच्या कुठल्याही शेतकऱ्याला फेरफार म्हणजे काय ते कुणी शिकवावं लागत नाही. चुलत्यानं परस्पर नाव लावलं तर काय करायचं, ते त्याला तोंडपाठ असतं. हेच चार प्रश्न मुलाच्या प्रतिमेला लावता येतात: ही नोंद कुणी केली, मला नोटीस होती का, हरकत कुठं घ्यायची, आणि ती पक्की कुणी केली? सहावीच्या वर्गात यासाठी संगणक कक्षही लागत नाही. मुलांना त्यांचाच जनरल रजिस्टरमधला रकाना दाखवावा, स्पेलिंग तपासू द्यावं, चूक असेल तर अर्ज लिहू द्यावा. मग फोनकडे वळावं. उतारे चावडीवर मोठ्यानं वाचतात तसं मुलांचं मात्र वाचायचं नाही, एवढा फरक ठेवावा. शेताची हद्द गावाला माहीत असावी लागते, मुलाच्या मनाची नाही.

यानं सगळं सुटणार नाही. स्वतःच्या रंगाबद्दल, अंगाबद्दल मुलांना जी टोचणी लागते तिच्यात जात येते, गोऱ्या रंगाचं वेड येतं, लग्नाचा बाजार येतो. ते सगळं मोबाईलच्या आधीचं आहे आणि नोंदीची साक्षरता त्याला पुरी पडणार नाही. मात्र आपल्याला दिसणारे सुंदर चेहरे आपल्या पुढ्यात कुणीतरी निवडून ठेवलेत, आणि निवडणाऱ्याला त्यातून पैसा मिळतो, एवढं कळलेलं मूल निदान स्वतःला दोष देण्याआधी थांबेल. फुल्यांच्या काळात पोराला मोडी आली म्हणून बापाचं कर्ज फिटलं नव्हतं. आकडा खोटा आहे हे मात्र त्याला सांगता येऊ लागलं.

कायद्याची बाजू पाहिली तर चित्र अर्धंच भरलेलं दिसतं. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यातले न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी आपल्या निकालपत्रात मुलांचा वेगळा विचार केला: पोरवयातल्या चुकांची किंमत माणसाला जन्मभर मोजावी लागू नये. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्यांना मूल मानलं, त्यांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळलेली संमती मागितली, आणि काही अपवाद वगळता मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई केली. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्यानं आहे. नोंद बघण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्कही कायद्यात आहे. फक्त मुलाच्या बाबतीत तो हक्क पालकांच्या हाती आहे, आणि घरगुती, खासगी कारणासाठी एखाद्या व्यक्तीनं हाताळलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. म्हणजे कंपनीविरुद्ध बाप मुलाच्या वतीनं हरकत घेऊ शकतो. पण बापानंच स्टेटसला ठेवलेला, आजोळच्या चार ग्रुपांवर फिरलेला आणि वाढदिवसाला चौकात लागलेला फोटो काढून टाका, असं म्हणायचं असेल तर नऊ वर्षांच्या मुलीनं अर्ज कुणाकडे करायचा, याचा रकाना अजून कुठल्याच नमुन्यात नाही.